अंगठा, अंजीर आणि शिंगं : शेक्सपिअरच्या काळच्या नाटकांतले अपमान कसे ओळखावेत

'रोमिओ आणि ज्युलिएट' उघडलं की पहिल्याच प्रवेशात एका घराण्याचा नोकर दुसऱ्या घराण्याच्या नोकरांकडे बघून स्वतःचा अंगठा चावतो आणि चार-दोन वाक्यांत भर रस्त्यावर तलवारी निघतात. मी हे पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात. हा भाग परीक्षेला नाही म्हणून वर्गात तो सोडून दिला होता. अंगठा चावण्यात एवढं काय आहे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी उलगडा झाला तेव्हा वाईट वाटलं, कारण नाटकात शिरायचा दरवाजा तोच होता आणि आम्ही तो न उघडताच पुढे गेलो होतो.

ही नाटकं मुळातून वाचू पाहणाऱ्या, पण अशा जागी अडखळणाऱ्या नवख्या वाचकांसाठी हे लिहितो आहे. त्यासाठी इंग्रजी फार पक्कं लागत नाही. मराठी पक्कं असेल तर काही गोष्टी तुम्हाला आजच्या इंग्रज वाचकाच्याही आधी कळतील.

सुरुवातीला काळाचा एक खुलासा. एलिझाबेथ राणीची कारकीर्द १५५८ ते १६०३. 'ऑथेल्लो', 'किंग लिअर' ही नाटकं तिच्यानंतर आलेल्या जेम्स राजाच्या काळातली. पण नटमंडळी तीच, प्रेक्षक तेच आणि शिव्याही त्याच, म्हणून इथे सगळी एकत्र घेतली आहेत.

पायरी पहिली : 'तू' आणि 'तुम्ही' ऐका

शिवीच्या आधी सर्वनाम ऐकायची सवय लावा. त्या काळच्या इंग्रजीत समोरच्यासाठी दोन शब्द होते. 'यू' म्हणजे तुम्ही. 'दाऊ' म्हणजे तू. त्याचीच रूपं 'दी' म्हणजे तुला आणि 'दाय' म्हणजे तुझा. देवाला, लेकराला, प्रियकराला 'दाऊ' म्हणत, तसंच नोकरालाही. बरोबरीच्या सभ्य माणसाला आणि वरच्याला 'यू'. आजच्या इंग्रजीतून 'दाऊ' गेल्यामुळे तिथल्या मुलांना हे पाठ करावं लागतं. आपण विठ्ठलालाही 'तू' म्हणतो आणि भांडणात 'ए, अरे-तुरे करायचं काम नाही' असंही बजावतो. एकाच 'तू'मध्ये माया आणि अपमान दोन्ही कसे राहतात, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये सर टोबी आपल्या भित्र्या मित्राला आव्हानाचं पत्र कसं लिहावं ते सांगतो. त्याला दोन-तीनदा 'दाऊ' म्हण, बिघडणार नाही, हा त्यातला एक सल्ला. हे नुसतं नाटकातलं नव्हतं. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याला उद्देशून भर न्यायालयात म्हणाला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!' म्हणजे मी तुला अरे-तुरेच करणार, द्रोह्या! 'दाऊ' इथे चक्क क्रियापद झालं आहे. आपल्या 'अरे-तुरे करणे'ला इतका जवळचा शब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषेत भेटलेला नाही.

आता 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधली एक जागा जवळून पाहू. अंक १, प्रवेश ३. अँटोनिओ हा व्यापारी कर्ज मागायला शायलॉक या ज्यू सावकाराकडे आला आहे. शायलॉक म्हणतो, सिन्योर अँटोनिओ, रिआल्टोच्या बाजारात तुम्ही मला कितीदा टाकून बोललात. तुम्ही मला पाखंडी, गळेकापू कुत्रा म्हणालात, माझ्या अंगरख्यावर थुंकलात. इथे प्रत्येक वेळी 'यू' आहे. यावर अँटोनिओचं उत्तर असं : तुला पुन्हा तसंच म्हणेन, तुझ्यावर पुन्हा थुंकेन, तुला लाथही मारीन. इथे प्रत्येक वेळी 'दी'. पैसे मागायला आलेला माणूस अरे-तुरे करतो आणि पैसे देणारा अहो-जाहो करतो. ज्यू माणसाला त्या समाजाने कुठे उभं केलं होतं, ते या दोन सर्वनामांतच दिसतं. मी हा उतारा नवख्यांना नेहमी सगळ्यात आधी वाचायला देतो.

वाचताना दोन रंगांच्या पेन्सिली जवळ ठेवा. 'यू'ला एक, 'दाऊ'ला दुसरी. रंग अचानक बदलला की तिथे थांबा. नात्यात काहीतरी घडलेलं असतं.

पायरी दुसरी : हात संवादात शोधा

त्या नाटकांत कंसातल्या रंगसूचना फार थोड्या. आला, गेला, लढतात, एवढंच बहुतेकदा. हाताने काय केलं ते बोलण्यातून ओळखायचं. 'असं करा', 'हे घे', 'हे काय चालवलंय?' असं कुणी म्हणालं की नटाचा हात तिथे हलला असं धरून चाला.

अंगठ्याच्या प्रवेशात हे अगदी सोपं आहे, कारण पात्रंच सांगतात. सॅम्सन, म्हणजे तो पहिला नोकर, म्हणतो, मी त्यांच्याकडे बघून अंगठा चावतो, ते निमूट राहिले तर त्यांची नाचक्की. पण अंगठा चावायचा कसा? बोट चघळायचं नाही. १६११ मध्ये रँडल कॉटग्रेव्हने फ्रेंच-इंग्रजी कोश छापला, त्यात ही कृती दिली आहे : अंगठ्याचं नख तोंडात घालायचं, वरच्या दातांना टेकवायचं आणि झटक्याने बाहेर काढून कट् असा आवाज करायचा. धमकी आणि आव्हान, असा अर्थही त्याने दिला आहे. आता हे वाचता वाचता एकदा करून बघा. नख दातावरून सुटताना हात पुढे समोरच्याच्या दिशेने जातो. तेवढ्याने समोरचा चिडतो.

मराठी वाचकाने इथे एक गल्लत टाळावी. आपला ठेंगा वेगळा. अंगठा दाखवणं म्हणजे 'काही मिळणार नाही, जा'. चावलेल्या अंगठ्यात नकार नाही, उघड डिवचणं आहे.

आणि पुढचा संवाद बघा. दुसऱ्या घराण्याचा नोकर अब्राहम विचारतो, आमच्याकडे बघून अंगठा चावताय का, साहेब? सॅम्सन म्हणतो, अंगठा चावतोय खरा, साहेब. पुन्हा तोच प्रश्न. सॅम्सन हळूच जोडीदाराला विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का? जोडीदार म्हणतो, नाही. मग सॅम्सन : नाही साहेब, तुमच्याकडे बघून नाही चावत, पण चावतोय, साहेब. ओळीओळीला 'साहेब' आणि सर्वनाम 'यू'. भांडणाची खुमखुमी आहे, पण पहिला वार आपला ठरू नये ही काळजी दोघांनाही आहे. हावभावाचा फायदाच हा असतो की तो नाकारता येतो. शब्द तोंडातून निघाला की साक्षीदार मिळतात.

पायरी तिसरी : अंजीर आलं तर फळ समजू नका

'फिग', 'फिको' किंवा 'फिगो' हा शब्द आला की बहुतेकदा फळाचा संबंध नसतो. मूठ मिटून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीतून अंगठ्याचं टोक बाहेर काढायचं, ही 'अंजीर' दाखवण्याची खूण. अर्थ उघड अश्लील आहे आणि खुणेचा आकार बघितला की समजावून सांगावा लागत नाही. इंग्रज ती स्पेनच्या नावावर खपवत. १५८८ मध्ये स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं होतं, तेव्हा घाणेरडी खूण शत्रूच्या नावावर घालणं सोपंच होतं.

ही खूण सगळ्यात जास्त शोभते ती पिस्टल या बढाईखोर शिपायाला. 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो, पिस्टल खोटं बोलला तर असं करा, त्या फुशारक्या मारणाऱ्या स्पॅनिश माणसासारखं मला अंजीर दाखवा. 'असं करा' म्हणताना नटाने खूण करून दाखवलीच पाहिजे. दुसऱ्या पायरीवर सांगितलेली हीच ती गोष्ट. पुढे 'हेन्री द फिफ्थ'मध्ये (अंक ३, प्रवेश ६) त्याचा मित्र बार्डॉल्फ चर्चमधून चोरी करतो आणि त्याला फाशी ठरते. रदबदली करायला वेल्श कॅप्टन फ्लुएलेन नकार देतो. पिस्टल ओरडतो, मर, नरकात जा, तुझ्या मैत्रीला फिगो! फ्लुएलेन म्हणतो, ठीक आहे. पिस्टल : स्पेनचं अंजीर! फ्लुएलेन : फार छान.

त्या दोन थंड उत्तरांकडे लक्ष द्या. फ्लुएलेन हिशेब मांडून ठेवतो आहे. पाचव्या अंकात पिस्टल त्याच्या वेल्शपणाची, टोपीत खोवलेल्या लीकच्या पातीची (लीक म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी, वेल्श लोकांची खूण) टिंगल करतो आणि फ्लुएलेन त्याला सोट्याने बडवून ती कच्ची पात खायला लावतो. अंजिराची परतफेड लीकने होते.

फक्त शब्द असेल आणि हात नसेल तेव्हा धार कमी असते. 'ऑथेल्लो'मधला खलनायक इयागो 'सद्गुण? अंजीर!' म्हणतो तेव्हा तो आपल्या 'सद्गुण गेले चुलीत'च्या जवळ येतो.

पायरी चौथी : कपाळ दुखलं की शिंगं आठवा

ज्याची बायको दुसऱ्याबरोबर आहे त्या नवऱ्याच्या कपाळाला शिंगं फुटतात, असा त्या काळचा पक्का विनोद होता. मूठ मिटून तर्जनी आणि करंगळी उभी केली, किंवा दोन बोटं कपाळाला लावली, की कुणालाही कळे. हरीण, बैल, गोगलगाय, कोकिळेचा आवाज, शिंगाचा कर्णा, काहीही निघालं तरी प्रेक्षक हसत. मराठीत शिंगं फुटतात ती उद्दाम झालेल्या माणसाला, म्हणून आपला कान इथे चुकतो. तो मुद्दाम वळवावा लागतो.

विनोदी नाटकांत हा विनोद इतक्यांदा येतो की कंटाळा यावा. पण 'ऑथेल्लो'मध्ये (अंक ३, प्रवेश ३) तो अंगावर काटा आणतो. इयागोने नुकतंच ऑथेल्लोच्या कानात बायकोबद्दलच्या संशयाचं विष ओतलं आहे. ती बायको, डेस्डेमोना, जेवायला बोलवायला येते. ऑथेल्लो म्हणतो, इथे माझ्या कपाळात दुखतंय. बहुधा हात कपाळावर गेलेला. प्रेक्षकांना लगेच समजतं की त्याला शिंगं टोचू लागली आहेत. तिला वाटतं जागरणाने डोकं दुखतंय. ती रुमाल काढते, म्हणते, मी घट्ट बांधते, तासाभरात बरं वाटेल. तो म्हणतो, रुमाल लहान आहे तुझा, आणि तो झिडकारतो. रुमाल खाली पडतो. सगळ्या नाटकाचा घात करणारा रुमाल तो हाच. एक घाणेरडा नेहमीचा विनोद शेक्सपिअरने एका निष्पाप बायकोच्या काळजीसमोर ठेवला. मला तरी हा प्रवेश पुन्हा वाचताना दरवेळी थांबावं लागतं.

पायरी पाचवी : शिवीतला दर्जा वाचा

त्या काळच्या पुष्कळ शिव्या पायरी दाखवणाऱ्या आहेत. 'नेव्ह' म्हणजे मुळात पोरगा, पोऱ्या. 'व्हिलन' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर राबणारा. नाटकांत दोन्हीचा अर्थ नीच, बदमाश असा झाला. शिवी कळली नाही तर आधी विचारा : हा समोरच्याला कुठल्या पायरीवर उतरवतोय?

सगळ्यात मोठा धडा 'किंग लिअर'च्या दुसऱ्या अंकात आहे. वेष पालटलेला सरदार केंट राजकन्येच्या कारभाऱ्याला, ऑस्वाल्डला गाठतो. ऑस्वाल्ड विचारतो, तू मला समजतोस कोण? आणि केंटची शिव्यांची माळ सुरू होते. घाईत वाचली तर नुसती सरबत्ती वाटते. एकेक शब्द वेगळा करा. उष्टं खाणारा. तीन पोशाखांचा, कारण नोकरांना धन्याकडून वर्षाला ठरावीक कपडे मिळत. लोकरी मोज्यांचा, कारण खानदानी माणूस रेशमी मोजे घाली. आरशात बघत बसणारा. कोर्टात जाणारा, म्हणजे अपमान झाल्यावर तलवार न काढता फिर्याद करणारा. 'लिली-लिव्हर्ड', लिलीच्या फुलासारख्या पांढऱ्या यकृताचा. धैर्य यकृतात असतं आणि रक्त नसलं की ते फिकं पडतं, अशी तेव्हाची समजूत. आपल्याकडे 'वाघाचं काळीज' म्हणतात तेव्हा काळीज म्हणजे मुळात हेच. मटणवाल्याकडे आपण कलेजी मागतो तीच. हा शब्द मराठी वाचकाला आयता कळतो.

केंट ऑस्वाल्डला सांगतोय की तू चाकर आहेस आणि सभ्य माणसाचं सोंग घेतलं आहेस. गंमत म्हणजे बोलणारा स्वतः सरदार असून चाकराच्या सोंगात आहे. त्याची शिक्षा म्हणून त्याला खोड्यात अडकवतात. खोडा हलक्या गुन्हेगारांसाठी. राजाचा माणूस खोड्यात घातला म्हणजे राजाचाच अपमान, आणि लिअर तो पाहून म्हणतो की हे खुनाहून वाईट. विंदा करंदीकरांचा मराठी 'राजा लिअर' शेजारी ठेवून हा प्रवेश वाचा.

शिवी प्रेमाचीही असते. थॉमस डेकरच्या १५९९ सालच्या 'द शूमेकर्स हॉलिडे'मध्ये सायमन एअर हा चांभार-मालक पहाटे उठून आपल्या माणसांना हाका मारतो : कुठे आहेत ती पोरं, त्या पोरी, त्या भवान्या, ते हरामखोर? सगळे त्याच्यावर जीव टाकतात. 'गाढवा, होतास कुठे इतके दिवस?' म्हणून मिठी मारणारा मित्र ज्याला आहे त्याला हे सांगायला नको.

बाईला दिलेली शिवी मात्र वेगळी तोला. पुरुषाची अब्रू शौर्यात आणि शब्दात, बाईची फक्त चारित्र्यात, असा तो काळ. कुणी 'होअर' (वेश्या) म्हणालं म्हणून लंडनच्या चर्च-न्यायालयात बदनामीच्या फिर्यादी घेऊन बायका जात. 'ऑथेल्लो'च्या चौथ्या अंकात नवऱ्याने तो शब्द वापरल्यावर डेस्डेमोना इयागोला विचारते, मी ते आहे का? कोणतं नाव, बाईसाहेब? नवरा जे म्हणाला असं ही (इयागोची बायको एमिलिया) सांगते, ते. तिच्याच्याने शब्द उच्चारवत नाही. पुढे एकदाच उच्चारते तेही त्याची शिसारी येते हे सांगण्यासाठी. हा उतारा हसत-खेळत वाचू नका.

पायरी सहावी : शपथा आणि आवृत्ती

'झाऊंड्स' म्हणजे 'देवाच्या जखमा', ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या. 'स्ब्लड' म्हणजे 'देवाचं रक्त'. 'मॅरी' म्हणजे मदर मेरी, पण तोपर्यंत गुळगुळीत झालेली. हे उद्गार आज निरुपद्रवी वाटतात. तेव्हा ते कानाला फार लागत. १६०६ मध्ये कायदा झाला : रंगभूमीवर देवाचं, ख्रिस्ताचं नाव थट्टेने घेतलं तर दर वेळी १० पौंड दंड, त्यातला अर्धा फिर्याद करणाऱ्याला. उभं राहून नाटक बघायला १ पेनी पडे आणि एका पौंडात २४० पेनी. म्हणजे एका शपथेला २४०० प्रेक्षकांची तिकिटं.

म्हणून आवृत्ती बघा. 'ऑथेल्लो'च्या १६२२ च्या छापील प्रतीत इयागो पहिल्याच भाषणात 'स्ब्लड' म्हणतो. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहात तो शब्द नाही, आणि पुढे डझनावारी शपथा गाळलेल्या दिसतात. त्या शपथांशिवाय इयागो जरा जास्त सभ्य होतो, आणि ते त्याला शोभत नाही. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयाने ही नाटकं इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत. तिथून सुरुवात करा.

एक सूचना ओघात. 'हेन्री द फिफ्थ' वाचताना कुणीतरी सांगेल की दोन बोटं दाखवायची इंग्रजी अपमानाची खूण अजँकूरच्या लढाईतल्या इंग्रज धनुर्धाऱ्यांनी १४१५ मध्ये सुरू केली. नाटकात ती कुठेही नाही, त्या काळचा पुरावाही नाही. तिचं पहिलं खात्रीचं दर्शन १९०१ च्या एका फिल्ममध्ये होतं. ती खूण या नाटकांत घुसवू नका.

पायरी सातवी : 'खोटं बोलतोस' म्हटलं की थांबा

आपल्याकडे 'खोटं नको बोलूस' दिवसातून दहादा म्हणतात. तिथे सभ्य पुरुषाला 'यू लाय' म्हणणं म्हणजे त्याचा शब्द, पर्यायाने त्याची अब्रू, खोटी ठरवणं. त्याला उत्तर एकच, द्वंद्व. व्हिन्सेंशिओ साव्हिओलो या इटालियन तलवारबाजी-शिक्षकाने १५९५ मध्ये लंडनमध्ये पुस्तक छापलं, त्यात खोटं ठरवण्याचे प्रकार सविस्तर दिले आहेत. 'अॅज यू लाइक इट'मध्ये टचस्टोन हा विदूषक त्याच धर्तीवर सात पायऱ्या सांगतो. त्याने एका दरबाऱ्याच्या दाढीला नावं ठेवली. पहिलं उत्तर, मला तरी बरी वाटते. मग, मी माझ्या आवडीने कापली. मग, तुला अक्कल नाही. मग, हे खरं नाही. मग, तू खोटं बोललास. त्याच्या वर दोनच : आडवळणाने खोटारडा म्हणणं आणि तोंडावर म्हणणं. तोंडावर म्हणायची हिंमत दोघांनाही झाली नाही, म्हणून तलवारींची लांबी मोजून ते घरी गेले. आणि सातव्या पायरीवरूनही 'जर' या शब्दाने सुटका होते, असं तो सांगतो : जर तुम्ही तसं म्हणाला असाल, तर मी असं म्हणालो.

नाटकाबाहेर सुटका एवढी सोपी नव्हती. १५९८ मध्ये नाटककार बेन जॉन्सनने गेब्रिएल स्पेन्सर या नटाला द्वंद्वात मारलं. लॅटिन वाचता येत असल्याच्या सवलतीवर त्याची फाशी टळली. अंगठ्यावर डाग मात्र दिला गेला.

आता पेन्सिली घेऊन 'रोमिओ आणि ज्युलिएट'च्या पहिल्या प्रवेशाकडे परत जा. शक्य असेल तर चार जण उभे राहून, मोठ्याने वाचा. अंगठा कट् वाजवा. सॅम्सनला कायद्याची चौकशी करताना आवाज खाली आणू द्या. 'साहेब' प्रत्येक वेळी थोडं जास्त ताणा. मग धन्यांची तुलना निघते : माझा धनी तुमच्या धन्याइतकाच चांगला. जास्त नाही? तेवढ्यात जोडीदाराला मालकाचा नातेवाईक येताना दिसतो आणि तो कुजबुजतो, 'जास्त' म्हण. सॅम्सन म्हणतो, हो, जास्त चांगला, साहेब. अब्राहमचं उत्तर दोन शब्दांचं आहे : 'यू लाय.' त्यापुढे 'साहेब' नाही. आणि सॅम्सनची लगेच पुढची ओळ : मर्द असाल तर काढा तलवारी.